चिखलाच्या हातातूनही निसटू नये अशी टॉर्च: कमी खर्चात पकड बसवायची रीत

रब्बीत शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला आली की गहू, कांदा, ऊस सकाळची वाट बघत नाहीत. दारं धरणाऱ्याच्या, म्हणजे वाफ्यांना पाणी देणाऱ्याच्या, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात टॉर्च. एका वाफ्याचं दार बांधायचं, पुढच्याचं फोडायचं, आणि चिखलानं माखलेल्या त्याच हातानं परत टॉर्च उचलायची. हल्ली मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टॉर्च उजेडाला जबरदस्त आहेत, पण अंगानं बारीक आणि गुळगुळीत. काहींवर जाळीदार खाचा असतात. दुकानात कोरड्या हाताला त्या खरखरीत लागतात, शेतात पहिल्याच वाफ्यावर चिखलानं बुजतात आणि टॉर्च साबणाच्या वडीगत निसटते. पाटात पडली तर निदान सापडते. विहिरीच्या कठड्यावरून गेली की गेली.

शेतीत नवीन उतरलेले किंवा नोकरी सोडून गावी परत आलेले बरेच जण यावर उपाय म्हणून महागडी टॉर्च घेतात. त्याची गरज नाही. पंक्चरवाल्याकडची टाकाऊ ट्यूब, बुटाची नाडी, जुन्या मोटरसायकलची मूठ, एवढ्यात काम होतं. मात्र आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: पकड म्हणजे खरखरीतपणा नव्हे. ओल्या चिखलात खरखर टिकत नाही. तिथं तीन गोष्टी कामाला येतात: मुठीत भरेल एवढी जाडी, बोटं अडतील असे आडवे उंचवटे, आणि हात सुटलाच तर मनगटाला दोरी. खाली जे सांगितलंय ते याच तिन्हींसाठी आहे.

१. आधी आपला हात बघा, मग सामान आणा

टॉर्च कुठल्या हातात असणार, यावर सामान ठरतं.

हात चिखलाचा असेल तर पाणी न पिणारं रबर हवं. ट्यूब सगळ्यात उत्तम. दोरी किंवा कापड गुंडाळलं तर चिखल आत शिरतो आणि वाळल्यावर तो भाग सिमेंटसारखा कडक होतो.

हात कोरडा पण गारठलेला असेल, म्हणजे राखणीला जाणारे, गोठ्यात फेरी मारणारे, रात्री ट्रेकला निघालेले, तर नाडी किंवा दोरीचा वेढा चांगला. पहाटेच्या थंडीत उघडं ॲल्युमिनियम हाताला चटका दिल्यासारखं लागतं, दोरी लागत नाही.

हाताला घाम येत असेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळतात ती ग्रिप चालते. ती सैल झाली की काढून फेकायची आणि नवी गुंडाळायची. पावसात मात्र तिचा उपयोग नाही, टॉवेलसारखी लव असलेली तर अजिबात नको. ती दोन-दोन दिवस ओली राहते आणि तिला वास मारतो.

२. काय काय लागेल

• सायकलची टाकाऊ ट्यूब. पंक्चरच्या दुकानात ढीग पडलेला असतो, बहुतेक जण फुकट देतात. टॉर्च जाड असेल तर मोटरसायकलची.
• धारदार कात्री. ब्लेडनं कापलं की काठ फाटका येतो आणि पुढे तिथूनच ट्यूब चिरते.
• मोजपट्टी आणि कागदाची एक लांब पट्टी.
• सर्जिकल स्पिरिट, मेडिकलमध्ये मिळतं ते.
• कपडे धुण्याचा साबण, जुना टूथब्रश, सुती फडकं.
• दोन ते चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी किंवा बुटाच्या लांब नाड्यांचा जोड.
• रेडियमची पट्टी, उसाच्या ट्रॉलीमागे लावतात ती. दोन बोटं लांबीचा तुकडाही पुरतो.

गोंद या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. कारण पुढे येईलच.

३. टॉर्च मोकळी करा

आधी सेल बाहेर काढा. चार्जिंगची टॉर्च असेल आणि आतला सेल निघत नसेल, तर निदान बंद करून चार्जरवरून काढा. लिथियमचा सेल आत असताना टॉर्चला गरम करण्याचा कुठलाही प्रकार करायचा नाही.

मग टॉर्चचं अंग साबण आणि ब्रशनं धुऊन कोरडं करा, फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसा. इथं थिनर किंवा पेट्रोल वापरायचा मोह होतो. प्लास्टिकच्या टॉर्चला थिनर लागला की अंग मऊ पडतं किंवा बारीक तडे जातात, आणि समोरची प्लास्टिकची काच कायमची धुरकट होते. स्पिरिट पुरे.

आता पेन घ्या आणि जिथं काही लावायचं नाही त्या जागांवर खुणा करा. मागचं झाकण जिथं फिरतं तो सांधा. बटण. चार्जिंगचं भोक आणि त्यावरचं रबरी झाकण. डोक्याखालच्या आडव्या पाकळ्या, ज्यांच्यातून उष्णता बाहेर पडते. भिंतीच्या सॉकेटमध्ये सरळ खोचायची टॉर्च असेल तर तिच्या पिना. या सगळ्यातून उरतं ते मधलं अंग. बारीक टॉर्चमध्ये ते सहा-सात सेंटिमीटर असतं आणि पकडीला तेवढं पुरतं.

पाकळ्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण लोक हमखास डोक्यापर्यंत ट्यूब ओढतात. एलईडीची उष्णता उजेडाच्या दिशेनं जात नाही, ती मागे धातूत उतरते आणि अंगावाटे हवेत जाते. रबर ती अडवतं. शिवाय एरवी टॉर्च तापली तर हाताला कळतं, रबर आलं की तेही कळत नाही. म्हणून डोकं आणि पाकळ्या उघड्याच ठेवा. काम झाल्यावर दहा मिनिटं पूर्ण उजेडावर चालवून उघड्या धातूला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर ट्यूब आणखी खाली घ्या, किंवा रोजच्या कामाला मधला उजेड वापरा. दारं धरायला तेवढा पुरतो.

४. ट्यूबचं माप काढा

सगळं काम या मापावर आहे. ट्यूब ताणून बसली पाहिजे, गोंदानं नाही.

कागदाची पट्टी टॉर्चच्या अंगाभोवती गुंडाळा, जुळते तिथं खूण करा, सरळ करून मोजा. हा झाला घेर. आता ट्यूब सपाट दाबून तिची रुंदी मोजा आणि दुप्पट करा. हा झाला ट्यूबचा घेर. तो टॉर्चच्या घेरापेक्षा १० ते १५ टक्के कमी असावा.

उदाहरण घेऊ. चार्जिंगच्या टॉर्चमधला १८६५० हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या टॉर्चचं अंग साधारण २५ मिलिमीटर धरा. घेर झाला ७८ च्या आसपास. मग सपाट दाबल्यावर ३३ ते ३५ मिलिमीटर भरेल अशी ट्यूब हवी. बारीक टायरच्या सायकलच्या ट्यूबमध्ये हे माप सापडतं. जुन्या पद्धतीची दोन मोठ्या सेलची टॉर्च ४० मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिला ५३ ते ५६ ची ट्यूब शोधा.

सैल ट्यूब आणली तर ती ओली झाल्यावर टॉर्चभोवती गोल फिरते. ही पकड नसण्यापेक्षा वाईट, कारण मूठ घट्ट वाटते आणि आतली टॉर्च घसरत असते. फार घट्ट आणली तर चढवताना फाटते, किंवा चढली तरी एका उन्हाळ्यात काठाला चिरते.

तुकडा निवडताना ठिगळाजवळचा आणि व्हॉल्वजवळचा भाग सोडा. ट्यूब हातानं ताणून उजेडात बघा. बारीक भेगा दिसल्या तर दुसरी घ्या, फुकटच तर आहे.

५. ट्यूब चढवा

जेवढं अंग झाकायचं त्यापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त लांबीचा तुकडा कापा. जास्तीचं का, ते लगेच कळेल. ट्यूबच्या आत पांढरी पावडर असते, ती धुऊन टाका. राहिली तर ट्यूब पुढे कधीच जागेवर बसत नाही.

तुकडा वाळला की आत थोडं स्पिरिट फिरवा, टॉर्चच्या अंगालाही लावा. मागचं झाकण काढलेलं असू द्या. आता पायमोजा चढवायच्या आधी गोळा करतो तसा तुकडा गोळा करा, टॉर्चच्या शेपटीकडून सरकवा आणि हळूहळू उलगडत वर न्या. ओलं असेपर्यंत स्पिरिट वंगणाचं काम करतं आणि मग पूर्ण उडून जातं. ट्यूब जागेवर घट्ट बसते. हे काम मोकळ्या हवेत, बिडी-चूल जवळ नसताना करा.

स्पिरिटच्या ऐवजी खोबरेल किंवा ग्रीस लावायचं नाही. ट्यूब चढेल झटक्यात, पण तेल आतच राहतं, ट्यूब फिरत राहते आणि रबरही फुगतं. हात धुवायचं सॅनिटायझरही नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. साबणाचं पाणी चालतं, फक्त वाळायला दोन दिवस द्या.

अडून बसली तर पंक्चरवाल्याकडेच जा. ट्यूबचं एक टोक टॉर्चवर चढवून दुसऱ्या टोकातून कॉम्प्रेसरची हवा हळू सोडली की ट्यूब फुगून आपोआप सरकते. त्याला हे सांगावं लागत नाही, सायकलच्या मुठी तो तसाच बसवतो.

आता ते जास्तीचे पाच सेंटिमीटर. दोन्ही टोकांना अडीच-अडीच सेंटिमीटर ट्यूब बाहेर आलेली असेल. ती बाहेरून उलटी गुंडाळत आणा. दोन-तीन गुंडाळ्यांत दोन्ही टोकांना जाड काठ तयार होतो. वरचा काठ अंगठा आणि तर्जनी अडवतो, खालचा काठ करंगळी. हात कितीही निसरडा असला तरी टॉर्च मुठीतून पुढे जाताना या काठाला अडते. सगळ्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि याला एक पैसाही लागत नाही.

६. बोटांसाठी रिंगा

नुसती ट्यूब कोरडी असताना छान चिकटते. ओला चिखल लागला की तीही गुळगुळीतच. म्हणून त्याच ट्यूबच्या पाच-सहा मिलिमीटर रुंद रिंगा कापा आणि चढवलेल्या ट्यूबवरून घाला. दोन रिंगांमध्ये एक बोट बसेल एवढं अंतर, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर. मूठ आवळून बघा आणि बोटांप्रमाणे रिंगा पुढे-मागे सरकवा. घरात दुसरं कुणी तीच टॉर्च नेत असेल तर त्याच्या हातात देऊन बघा. बायकांच्या आणि पोरांच्या बोटांना अंतर कमी लागतं.

दुसरी रीत जास्त टिकाऊ आहे, फक्त बसवायला वेळ जातो. ट्यूब चढवायच्या आधी अंगाभोवती दोन मिलिमीटरची दोरी लांब-लांब आट्यांनी गुंडाळायची, दोन्ही टोकं इन्सुलेशन टेपनं दाबायची आणि वरून ट्यूब ओढायची. दोरी आत राहते, तिला चिखल लागत नाही, वर मात्र तिचे उंचवटे उठतात. यासाठी कॉम्प्रेसरची हवा लागतेच, हातानं ओढायला गेलात तर दोरी गोळा होते.

मुठीत धरायच्या अवजारांचे दांडे साधारण ३० ते ४० मिलिमीटर जाड असतात, कारण हाताला तेवढं भरीव लागतं. २५ मिलिमीटरची टॉर्च म्हणूनच रात्रभर धरून हात आखडतो. तुमचा हात मोठा असेल तर ट्यूबचा आणखी एक थर चढवा. फक्त खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये जाते ना, ते बघून.

७. तयार मुठी: मोटरसायकलची आणि बॅटची

ट्यूबचा खटाटोप नको असेल तर गॅरेजमध्ये जुनी हँडल ग्रिप मागा. हँडलचा पाइप २२ मिलिमीटरचा असतो, म्हणून क्लचच्या बाजूची ग्रिप २३ ते २५ च्या टॉर्चवर कचकून बसते. ॲक्सिलरेटरच्या बाजूची थोडी सैल असते, जराशा जाड टॉर्चला ती घ्या. बंद टोक कापून टाका आणि स्पिरिट लावून चढवा. खाचा आधीच असतात, काठही असतो. चिखलासाठी ट्यूबच्या बरोबरीची. वजन आणि जाडी मात्र वाढते.

मोठ्या सेलच्या टॉर्चला बॅटची रबरी ग्रिप उत्तम. साधी ग्रिप शंभर रुपयांच्या आत मिळते. चढवायला खेळाच्या दुकानात लाकडी कोन असतो, टॉर्च घेऊन गेलात तर तोच दुकानदार बसवून देतो. बारीक टॉर्चवर ती सैल होते, तिथं नको.

८. दोरीचा वेढा

कोरड्या आणि गारठलेल्या हातासाठी. दोरी किती लागेल ते आधी काढा, कमी पडली तर सगळं उसवावं लागतं. टॉर्चच्या जाडीत दोरीची जाडी मिळवा आणि ३.१४ नं गुणा, ही एका आट्याची लांबी. झाकायचा भाग भागिले दोरीची जाडी, हे झाले आटे. २५ मिलिमीटरची टॉर्च आणि ४ मिलिमीटरची दोरी धरली तर एक आटा ९१ मिलिमीटर, सहा सेंटिमीटरला १५ आटे, म्हणजे सुमारे १ मीटर ३७ सेंटिमीटर. टोकांसाठी धरून पावणेदोन मीटर कापा.

दोरीचं एक टोक दुमडून लांबट फास करा आणि टॉर्चच्या अंगावर लांबीच्या दिशेनं ठेवा, फासाचं तोंड डोक्याकडे, सुटं टोक शेपटीकडे बाहेर. आता शेपटीकडून आटे घालत डोक्याकडे या. प्रत्येक आटा आधीच्याला चिकटून आणि ओढून. फासाचं तोंड तेवढं उघडं राहिलं की हातातलं टोक त्यातून ओवा. शेपटीकडचं सुटं टोक खेचा. फास आत सरकतो आणि वरचं टोक आट्यांखाली ओढून नेतो. अर्ध्यावर गेलं की थांबा. पूर्ण ओढलंत तर पलीकडून बाहेर येतं आणि सगळं सुटतं.

उरलेली टोकं कापा. नायलॉन असेल तर सेल आणि स्पिरिट दूर ठेवून टोकाला काडीपेटी दाखवा. वितळलेलं नायलॉन लगेच बोटानं दाबू नका, ते कातडीला चिकटून भाजतं.

नायलॉन ओलं झालं की थोडं सैलावतं, म्हणून बांधतानाच दोरी जरा भिजवून घ्या. वाळल्यावर आवळते. सुतळी नको, एका पावसात कुजते.

९. मनगटाची दोरी

शेपटीला भोक असेल तर त्यात, नसेल तर ट्यूबच्या खालच्या काठामागे दोरी घट्ट बांधून मनगटात जाईल असा फास करा. हात सोडल्यावर टॉर्च तळहाताखाली वीतभरच लोंबावी. जास्त लांब ठेवली तर चालताना गुडघ्यावर आपटते.

इंजिन, पट्टा, कडबाकुट्टी, फिरता शाफ्ट यांच्या आसपास जाताना दोरी मनगटातून काढा. अशा ठिकाणी टॉर्च गेलेली परवडते. गळ्यात तर अडकवूच नका.

आणि एक. ट्यूब लावली म्हणजे टॉर्च शॉकपासून वाचवते, असा गैरसमज होतो. स्टार्टरच्या पेटीजवळ ओल्या हातानं आणि ओल्या पायानं ही ट्यूब काडीचाही बचाव करत नाही. डोकं आणि शेपटी उघड्या धातूचीच आहे. पेटीत टॉर्च खुपसून बघायचं नाही.

१०. हे करू नका

रबर बँड: उन्हाळ्यात चिकट होऊन वितळतात आणि अंगावर कायमचा डाग सोडतात.

नुसती इन्सुलेशन टेप: उन्हात डिंक बाहेर येतो, ओली झाली की निसरडी. टोकं दाबण्यापुरतीच वापरा.

जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती वाळूची काळी पट्टी: पकड पक्की देते, पण भिजून मऊ झालेल्या हाताची साल काढते आणि खिसा फाडते.

झटपट चिकटणारा गोंद: त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी साय धरते, आणि पुढे ट्यूब बदलायची तर खरवडत बसावं लागतं. पंक्चरचं सोल्यूशन रबराला रबर जोडायला चांगलं, धातूवर त्याचा भरवसा नाही.

दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून टॉर्च दातात धरायची सवय अनेकांना असते. युरिया आणि फवारणीचे हात तिला लागलेले असतात. त्यापेक्षा मनगटाची दोरी आहेच.

११. तपासणी आणि देखभाल

सेल घाला, झाकण लावा. हात साबणानं ओले करा आणि खाली गोणपाट टाकून टॉर्च उलटी धरून जोरात झटका. आतल्या आत फिरते का, काठापाशी सरकते का, ते बघा. त्याच ओल्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबा, न बघता. मागचं झाकण फिरवा. ट्यूबचा काठ झाकणाखाली दबत असेल तर झाकण पूर्ण बसत नाही आणि आत पाणी जातं. काठ पाच मिलिमीटर वर घ्या.

काळी टॉर्च, काळी ट्यूब आणि उसाचा पाला. खाली ठेवली आणि बंद असली तर मोबाइलच्या उजेडातही दिसत नाही. दोन रिंगांच्या मध्ये रेडियमची पट्टी गुंडाळा, पिवळी किंवा लाल. पालापाचोळ्यात हातानं चाचपत बसायची वेळ येऊ नये, घोणस थंडीतही फिरते.

हंगाम संपला की ट्यूब खाली सरकवून काढा. लोखंडी किंवा मुलामा दिलेल्या जुन्या टॉर्चला तिच्याखाली गंज धरतो. पुसून, वाळवून परत चढवा. डिझेल किंवा रॉकेल सांडलं असेल तर त्या दिवशीच साबणानं धुवा. ट्यूब ताणून पुन्हा भेगा बघा, दिसल्या तर बदला. टॉर्च आता दोन-तीन महिने लागणार नसेल तर साधे सेल आत ठेवू नका, ते गळतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात.